गाजराची पुंगी आणि दुसरं महायुद्ध

गाजर खाल्लं की नजर तेज होते, हे तुम्हाला पहिल्यांदा कोणी सांगितलं? आईने, शाळेतल्या बाईंनी, की चष्म्याच्या दुकानातल्या काकांनी? बहुतेकांना ते सांगता येणार नाही. काही गोष्टी कोणी शिकवल्याचं आठवत नाही, त्या नुसत्या माहीत असतात. ही त्यांतलीच एक.

तसं पाहिलं तर मराठीने गाजराला फारसा मान दिलेला नाही. ज्याला चांगल्या-वाईटाची पारख नाही तो गाजरपारखी. जमलं तर जमलं, नाहीतर आपलं काय गेलं, अशा उद्योगाला म्हणायचं गाजराची पुंगी. वाजली तर वाजली, नाहीतर मोडून खाल्ली. निवडणुकीच्या तोंडावर पुढारी लोकांना दाखवतात तेही गाजरच. संक्रांतीच्या सुगडात आणि भोगीच्या भाजीत तेवढं त्याला वर्षातून एकदा मानाचं पान मिळतं. अशा या साध्या मुळाला डोळ्यांच्या डॉक्टरची पदवी कशी मिळाली, हे शोधायला निघालं की आपण दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटनमध्ये पोचतो, आणि तिथेही लढाईच्या मैदानावर नाही, तर लोकांच्या घरामागच्या वाफ्यांत.

या गोष्टीची एक आवृत्ती कधी ना कधी तुमच्या फोनवर येऊन गेली असेल. ती अशी : १९४० च्या हिवाळ्यात जर्मन विमानं रोज रात्री ब्रिटिश शहरांवर बॉम्ब टाकत होती. अंधारात ती दिसायचीच नाहीत, मग पाडणार कशी? नोव्हेंबर १९४० मध्ये जॉन कनिंगहॅम नावाच्या २३ वर्षांच्या वैमानिकाने रात्रीच्या काळोखात एक जर्मन युंकर्स विमान पाडलं. पुढे त्याने अशी आणखी बरीच पाडली. युद्ध संपेपर्यंत त्याच्या नावावर २० विमानं जमा झाली, त्यांतली १९ रात्रीची. खरी करामत होती त्याच्या ब्युफायटर विमानात बसवलेल्या छोट्या रडारची. पण ते गुपित होतं. म्हणून हवाई खात्याने वर्तमानपत्रांना सांगितलं की आमचे वैमानिक भरपूर गाजरं खातात, त्यामुळे त्यांना अंधारात दिसतं. कनिंगहॅमचं नाव पडलं ‘कॅट्स आईज’. जर्मन फसले, आणि त्यांच्याबरोबर सगळं जगही फसलं.

गोष्ट झकास आहे. तिचा पूर्वार्ध खराही आहे. कनिंगहॅम होता, रडार होतं, गाजराच्या बातम्याही छापून आल्या होत्या. जर्मन फसल्याचा मात्र पुरावा नाही. जर्मनांकडे स्वतःची रडारं होती, त्यांचे अभियंते या विषयात कच्चे नव्हते. विमानात बसणारं रडार ही कल्पना त्यांना सुचणारच नाही असं मानायला काही आधार नाही. शिवाय एक साधा प्रश्न उरतोच. थाप शत्रूसाठी होती, तर ती आपल्याच देशातल्या भिंतींवर, रेडिओवर, पाककृतींच्या पत्रकांवर वर्षानुवर्षं का सांगत राहिले? हवाई खात्याचं काम एका बातमीत भागलं असतं. गाजराची पुंगी खरोखर वाजवली ती दुसऱ्याच एका खात्याने. ते होतं अन्नखातं, आणि त्याची अडचण रडारपेक्षा फार जुनी होती.

ब्रिटन हे बेट आहे, आणि युद्धाआधी ते आपल्या पोटासाठी जहाजांवर अवलंबून होतं. निम्म्याहून कितीतरी जास्त अन्न बाहेरून यायचं : कॅनडाचा गहू, डेन्मार्कचं बेकन, न्यूझीलंडचं लोणी, वेस्ट इंडीजची साखर. सप्टेंबर १९३९ मध्ये युद्ध पुकारलं गेलं आणि जर्मन पाणबुड्या ही जहाजं बुडवायला लागल्या. ८ जानेवारी १९४० पासून बेकन, लोणी आणि साखर रेशनवर गेली. पुढे मांस, चहा, चीज, मुरांबे असं करत यादी वाढत गेली. साखर माणशी आठवड्याला ८ औंस, म्हणजे पाव किलोलाही थोडी कमी. अंडं आठवड्याला एक, तेही मिळालं तर.

भाज्या मात्र युद्धभर रेशनवर गेल्या नाहीत. यात उदारपणा कमी आणि व्यवहार जास्त होता. भाजी नासते, तिचं वजन-माप ठेवणं कठीण, आणि मुख्य म्हणजे ती घरामागे पिकवता येते. घरात जेवढी पिकेल तेवढी जहाजातली जागा बंदुका आणि सैनिकांसाठी मोकळी. ऑक्टोबर १९३९ मध्ये तेव्हाचे शेतीमंत्री सर रेजिनाल्ड डॉर्मन-स्मिथ यांनी रेडिओवरून लोकांना आवाहन केलं की देशात आणखी ५ लाख अलॉटमेंट तयार झाल्या पाहिजेत. (हे नाव लक्षात ठेवा, ते पुढे वेगळ्याच ठिकाणी भेटणार आहे.) अलॉटमेंट म्हणजे नगरपालिकेने भाजीपाला लावण्यासाठी नाममात्र भाड्याने दिलेला जमिनीचा तुकडा. मोहिमेचं सुरुवातीचं नाव सरकारी वळणाचं होतं, ‘अधिक अन्न पिकवा’. लोकांच्या तोंडी बसली ती दुसरी घोषणा, ‘डिग फॉर व्हिक्टरी’ : विजयासाठी खणा. माती उपसणाऱ्या माणसालाही आपण लढतोय असं वाटावं, ही त्या तीन शब्दांची किमया.

१९३९ मध्ये देशात ८ लाखांच्या आसपास अलॉटमेंट होत्या, १९४३ पर्यंत त्या १४ लाखांवर गेल्या. घरामागच्या बागा त्याहून वेगळ्या. टॉवर ऑफ लंडनच्या कोरड्या खंदकात भाज्या लागल्या. हाइड पार्कमध्ये वाफे आले. बॉम्बने पाडलेल्या घरांच्या जागी, खड्ड्यांच्या कडेला लोकांनी कोबी लावले. गुलाबांचे ताटवे उपटून तिथे कांदा लावताना कित्येकांना वाईट वाटलं असणार. इंग्रज माणसाचं गुलाबांशी जे नातं असतं ते आपल्याकडे तुळशीशी असतं तितकं नसलं, तरी फार लांबचंही नाही.

मंत्रालयाने पत्रकं छापली. पहिल्याच पत्रकात नमुन्याच्या वाफ्याचा नकाशा होता : ९० फूट लांब, ३० फूट रुंद. आपल्या हिशेबात जवळजवळ अडीच गुंठे. त्यात कोणत्या ओळीत काय, कधी पेरायचं, ते काढल्यावर तिथे काय लावायचं, सगळं आखून दिलेलं. हेतू एकच, की एका कुटुंबाला बारा महिने भाजी मिळावी. खरी परीक्षा हिवाळ्याची असते. तिथला उन्हाळा हिरवागार, पण डिसेंबर ते मार्च जमीन जवळपास झोपलेली. त्या चार महिन्यांत ताटात काय पडणार, यावर सगळी योजना अवलंबून होती. इथे गाजर कामाला आलं.

गाजर हे दोन वर्षांचं झाड आहे. पहिल्या वर्षी ते पानांनी साखर बनवून मुळात साठवतं आणि हिवाळा काढतं; दुसऱ्या वर्षी त्या साठ्यावर तुरा काढून फुलतं, बी धरतं, मरतं. आपण मधेच जाऊन त्याची शिदोरी पळवतो. म्हणजे गाजर हे मुळात हिवाळ्यासाठीच केलेलं कोठार आहे. शरद ऋतूत उपटून, पाला पिरगाळून काढून, एका खोक्यात कोरड्या वाळूचे थर देत एकमेकांना चिकटू न देता रचून ठेवलं, तर ते महिनोन्‌महिने टिकतं. फ्रिजची गरज नाही. तेव्हाच्या सामान्य ब्रिटिश घरात फ्रिज नव्हताच.

पण लावायला गाजर वाटतं तितकं सोपं नाही, आणि त्या लाखो नवख्या माळ्यांना हे फार लवकर कळलं. बी इतकं बारीक की चिमटीत शंभर येतात. मूठभर फेकलं तर एका जागी जंगल आणि पुढे तीन हात वैराण. म्हणून ते वाळूत मिसळून पेरायचं. रोप दुसरीकडे लावता येत नाही, कारण मूळ दुखावलं की ते वाकडं वाढतं. जिथे पेरलं तिथेच ते मोठं व्हायला हवं. थंड मातीत उगवायला दोन-तीन आठवडे लागतात, तोवर तण वर येतं, आणि नवखा माणूस उत्साहाने तणाबरोबर गाजराचे तंतूही उपटतो. जमीन भुसभुशीत आणि खोल हवी. खडा लागला की मुळाला फाटे फुटतात, ताजं शेणखत घातलं तरी तेच. लंडनची माती चिकण, ओली असताना चिखल आणि वाळली की वीट. तिथे लांबलचक सुबक गाजरं येणं कठीण, म्हणून आखूड, बुटक्या जाती बऱ्या. निघाली ती पुष्कळदा दोन पायांची, तीन पायांची, पण खायला काय हरकत?

मग विरळणी. दाट उगवलेली रोपं उपटून मधे अंतर ठेवलं नाही तर सगळीच काडीसारखी राहतात. आणि विरळणी केली की गाजरमाशी येते. ही छोटी काळी माशी चुरगळलेल्या पाल्याच्या वासावर लांबून येते, मुळाशी अंडी घालते, आणि तिच्या अळ्या गाजरात बोगदे पाडतात. वरून पाला छान हिरवा, उपटल्यावर आत तांबडी-काळी भोकं. उपाय साधेच : विरळणी संध्याकाळी करायची, उपटलेला पाला तिथे टाकायचा नाही, माती पुन्हा दाबून पाणी द्यायचं. हे सगळं कळणार कसं? लोक रविवारी दुपारी बीबीसीवर सी. एच. मिडल्टन यांचं बागकामाचं बोलणं ऐकायचे. ते कुंपणापलीकडून शेजाऱ्याशी गप्पा माराव्यात तसे बोलायचे, हुकूम सोडायचे नाहीत. सरकारी मोहिमेला असा एक माणूस लाभणं ही चैन आहे. आपल्याकडे आकाशवाणीवरची शेतीची सदरं ऐकत मोठ्या झालेल्या पिढीला यातला गोडवा कळेल.

थोडक्यात, लोकांनी गाजरं पिकवली, शेतकऱ्यांनीही पिकवली, आणि इतकी पिकली की नवाच प्रश्न उभा राहिला. १९४२ मध्ये ब्रिटनकडे सुमारे १ लाख टन गाजरं जास्तीची होती. गाजर तोवर बहुतांशी घोड्यांचा खाऊ आणि रश्श्यातली भर. आता त्याचे ढीग पडले आणि साखर, फळं, लोणी, कांदे यांपैकी काहीच नव्हतं. कांद्याची टंचाई तर अशी की कचेऱ्यांमध्ये सोडतीत बक्षीस म्हणून कांदा ठेवत. कारण ब्रिटनचा कांदा बराचसा समुद्रापलीकडच्या ब्रिटनीतून यायचा आणि तो प्रदेश १९४० मध्ये जर्मनांच्या हाती गेला.

तेव्हा अन्नमंत्री होते लॉर्ड वुल्टन. पूर्वी ते मोठ्या दुकानांच्या साखळीचे प्रमुख होते, म्हणजे न खपणारा माल खपवायचा कसा हे त्यांना कळत होतं. त्यांच्या खात्याने ‘डॉक्टर कॅरट’ जन्माला घातला : चष्मा, उंच टोपी, हातात औषधांची पिशवी घेतलेलं एक गाजर. त्याचा जोडीदार ‘पोटॅटो पीट’. अमेरिकेत वॉल्ट डिस्नेच्या स्टुडिओतल्या हँक पोर्टर या चित्रकाराने गाजराचं अख्खं कुटुंब काढून दिलं. रोज सकाळी रेडिओवर ‘किचन फ्रंट’ या पाच मिनिटांच्या कार्यक्रमात पाककृती सांगत. गाजराचा जॅम, गाजराचं पुडिंग, गाजराची बर्फी, गाजर आणि स्वीड नावाच्या कंदाचा रस काढून ‘कॅरोलेड’ नावाचं सरबत. मुलांसाठी आइस्क्रीमच्या जागी काडीला खोचलेलं कच्चं गाजर. त्याचे फोटो आहेत : दोन-तीन लहानगी हातात गाजराची काडी धरून उभी, चेहऱ्यावर ‘हे आइस्क्रीम आहे असं मोठी माणसं म्हणतात’ असा भाव.

लंडनच्या सॅव्हॉय हॉटेलचे मुख्य बल्लवाचार्य फ्रान्सिस लात्री यांनी ‘वुल्टन पाय’ तयार केला. बटाटा, गाजर, फ्लॉवर, स्वीड, पातीचा कांदा, थोडं ओटचं पीठ, वर बटाट्याचं किंवा पिठाचं झाकण. एप्रिल १९४१ मध्ये ‘टाइम्स’ने कृती छापली. लोकांनी तो खाल्ला आणि त्यावर विनोदही भरपूर केले. आपण गाजर हलवा करतो तेव्हा गाजराला तूप, साखर, खवा यांचा साज चढवतो. तिथे तूप नाही, साखर नाही, खवा नाही, म्हणूनच गाजर. शंभर ग्रॅम गाजरात पाचेक ग्रॅम साखर असते, तिच्यावरच सगळी भिस्त.

या सगळ्यात ‘अंधारात दिसतं’ ही गोष्ट अगदी चपखल बसली, कारण अंधार खरोखरच होता. युद्ध सुरू होण्याच्या दोन दिवस आधीपासून देशभर ब्लॅकआउट लागू झाला होता. रस्त्यावर दिवा नाही, खिडकीत फट नाही, गाड्यांचे दिवे झाकलेले. पहिल्याच महिन्यात रस्त्यावरच्या अपघातांतले मृत्यू आदल्या वर्षीच्या त्याच महिन्याच्या जवळजवळ दुप्पट झाले. रोज अंधारात ठेचकाळणाऱ्या माणसाला कोणी सांगितलं की गाजर खा, ब्लॅकआउटमध्ये दिसेल, तर तो दोन गाजरं जास्त खाईलच. न खपणारा माल, खरी भीती आणि वर एका देखण्या वैमानिकाची कथा. जाहिरातवाल्याला आणखी काय पाहिजे?

पण ही निव्वळ थाप होती का? नाही, आणि म्हणून ती इतकी टिकली. गाजराला नारिंगी रंग देणारं द्रव्य १८३१ मध्ये गाजरातूनच वेगळं काढलं गेलं, त्याचं नावही गाजरावरूनच पडलं, कॅरोटीन. १९३० च्या सुमारास केंब्रिजच्या थॉमस मूर यांनी उंदरांवर प्रयोग करून दाखवलं की शरीर या कॅरोटीनपासून अ जीवनसत्त्व बनवतं. १९३३ मध्ये जॉर्ज वॉल्ड यांना हे जीवनसत्त्व थेट डोळ्याच्या पडद्यात सापडलं. मंद उजेडात पाहायला लागणारं रंगद्रव्य त्यापासून बनतं. ते मिळेनासं झालं की आधी रातांधळेपणा येतो, पुढे डोळा कोरडा पडतो, बुबुळावर जखमा होतात आणि शेवटी नजर जाते. म्हणजे गाजर आणि रात्रीची नजर यांचा संबंध आहेच. प्रश्न इतकाच, की ज्याच्या शरीरात हे जीवनसत्त्व पुरेसं आहे त्याने गाजरं वाढवली तर त्याला जास्त दिसेल का?

याचं उत्तरही त्याच युद्धात, त्याच देशात शोधलं गेलं, आणि कनिंगहॅमपेक्षा मला ही गोष्ट मोठी वाटते. शेफील्डमध्ये काही तरुण होते ज्यांनी हातात बंदूक घ्यायला नकार दिला होता. कोणाचं कारण धर्माचं, कोणाचं विचाराचं. त्यांना लोक भेकड म्हणत. केनेथ मेलन्बी या शास्त्रज्ञाने त्यांना एका घरात एकत्र आणलं आणि स्वतःच्या शरीरावर प्रयोग करू देण्याची विनंती केली. आधी खरजेवरचे प्रयोग झाले : खरूज झालेल्या सैनिकांचे कपडे अंगात घालून, त्यांच्या अंथरुणात झोपून. मग १९४२ मध्ये अ जीवनसत्त्वाचा प्रयोग सुरू झाला, हान्स क्रेब्स यांच्या देखरेखीखाली. क्रेब्स हे नाझींनी नोकरीतून काढल्यामुळे १९३३ मध्ये जर्मनी सोडून आलेले ज्यू शास्त्रज्ञ. ज्या ‘क्रेब्स चक्रा’ने बारावीत आपल्याला छळलं ते यांचंच, आणि त्यासाठी त्यांना १९५३ मध्ये नोबेल मिळालं.

प्रयोगात २३ जण होते. त्यांतल्या १६ जणांच्या जेवणातून अ जीवनसत्त्व आणि कॅरोटीन जवळजवळ पूर्ण काढून टाकलं. गाजर नाही, पालेभाजी नाही, लोणी नाही. ठरावीक काळाने त्यांना अंधाऱ्या खोलीत बसवून किती मंद प्रकाश दिसतो ते मोजत. महिने गेले, काहींच्या बाबतीत वर्ष उलटून गेलं. १६ पैकी फक्त ३ जणांची अंधारातली नजर स्पष्टपणे खालावली. बाकीच्यांच्या यकृतातला जुना साठाच त्यांना पुरला. हा अहवाल १९४९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याचा अर्थ असा, की बऱ्यापैकी खाऊन-पिऊन असलेल्या कनिंगहॅमसारख्या तरुणाला गाजराने काही जास्तीचं दिसणार नव्हतं. आणि ज्याच्या पोटात कधीच पुरेसं गेलं नाही, ज्याच्या यकृतात साठाच नाही, त्याच्यासाठी मात्र एक गाजर किंवा मूठभर शेवग्याचा पाला म्हणजे खरोखर डोळे.

ब्रिटिश सरकार हे जाणून होतं, आणि म्हणून लोकांच्या डोळ्यांची जबाबदारी त्याने गाजरावर टाकली नव्हती. १९४० पासून लोण्याऐवजी वापरायच्या मार्जरीनमध्ये अ आणि ड जीवनसत्त्व मिसळणं सक्तीचं झालं. लहान मुलांना आणि गरोदर बायांना कॉडलिव्हर ऑइल दिलं जाई. पाव युद्ध संपेपर्यंत रेशनशिवाय मिळत राहिला. परसातल्या वाफ्याच्या खाली ही सगळी भक्कम फळी होती. गाजराला माशी लागली, पीक बसलं, तरी मूल उपाशी झोपणार नव्हतं. वाजली तर वाजली, नाहीतर मोडून खाल्ली, असं म्हणायची ऐपत त्या वाफ्याला होती. इतिहासाच्या लोकप्रिय गोष्टींत पोस्टरं दिसतात, मार्जरीन दिसत नाही.

आता सर रेजिनाल्ड डॉर्मन-स्मिथ. मे १९४० मध्ये त्यांचं मंत्रिपद गेलं आणि पुढच्या वर्षी ते ब्रह्मदेशाचे गव्हर्नर झाले. मार्च १९४२ मध्ये जपान्यांनी रंगून घेतलं आणि गव्हर्नरसाहेबांना देश सोडावा लागला. त्यांचं निर्वासित सरकार सिमल्याला येऊन बसलं. ब्रह्मदेशातून बंगालला येणारा तांदूळ बंद झाला. तो एकूण गरजेच्या मानाने लहान हिस्सा होता, पण बाजार घाबरला. जपानी येतील म्हणून सरकारने किनाऱ्यावरच्या जिल्ह्यांतला तांदूळ हलवला आणि हजारो होड्या काढून घेतल्या, म्हणजे कोळ्यांचं पोट गेलं. ऑक्टोबर १९४२ मध्ये मिदनापूरला चक्रीवादळ झालं. युद्धखर्चामुळे भाव आकाशाला भिडले. १९४३ च्या दुष्काळात बंगालमध्ये किती माणसं मेली? सरकारी चौकशी आयोगाने १५ लाख म्हटलं, नंतरच्या अभ्यासकांचे आकडे २० ते ३० लाखांपर्यंत जातात. धान्यासाठी जहाजं द्या ही मागणी दिल्लीहून लंडनला पुन्हापुन्हा गेली. जे मिळालं ते मागितलं त्याच्या मानाने फारच थोडं.

त्याच १९४३ साली हिंदुस्थानातही सरकारने मोहीम काढली. तिचं नाव ‘अधिक धान्य पिकवा’. शब्द जवळजवळ तेच, ब्रिटनमध्ये चार वर्षांपूर्वी वापरलेले. मुंबईत मे १९४३ मध्ये रेशनिंग सुरू झालं. कलकत्त्याला ते पूर्णपणे लागू व्हायला जानेवारी १९४४ उजाडला, तोवर मरणारे मेले होते. मेले ते बहुतेक शेतमजूर, कोळी, गावातले कारागीर. त्यांच्यापैकी कित्येकांकडे अडीच गुंठे काय, अर्धा गुंठाही स्वतःचा नव्हता. ज्याच्याकडे होता त्याने पेरलं असतं तरी गाजराला तीन महिने लागतात, आणि भूक इतकी थांबत नाही. बीबीसीवर कॅरोलेडची कृती सांगितली जात होती ते हेच दिवस.

ही दोन चित्रं मी मुद्दाम शेजारी ठेवतो आहे, कारण ‘डिग फॉर व्हिक्टरी’ची गोष्ट आजकाल बागकामाच्या व्हिडिओंत फार गोड करून सांगतात : लोकांनी ठरवलं, कुदळ घेतली आणि देश तगला. लोकांनी घाम गाळला हे खरंच आहे. लंडनमध्ये बॉम्बच्या रात्रीनंतर सकाळी उठून वाफ्याला पाणी घालणाऱ्या बाईचं कौतुक कमी करायचं काही कारण नाही. फक्त तिच्या हातात रेशनचं पुस्तक होतं आणि त्यावर लिहिलेलं सगळं तिला दुकानात मिळत होतं, हेही सांगायला हवं. बंगालमधल्या बाईकडे ते पुस्तक नव्हतं. राजा मात्र दोघींचा एकच होता.

अ जीवनसत्त्वाअभावी आंधळी होणारी मुलं स्वतंत्र भारतातही दशकानुदशकं होती. १९७० मध्ये सरकारने त्यासाठी देशव्यापी कार्यक्रम सुरू केला. नवव्या महिन्यापासून पाच वर्षांपर्यंत दर सहा महिन्यांनी बाळाच्या तोंडात चमच्याने जे पिवळं, तेलकट औषध घालतात, ते त्याचंच रूप. अंगणवाडीत रांगेत उभं राहून ते तुमच्याही पोटात गेलं असेल. तुमच्या रात्रीच्या नजरेचं श्रेय द्यायचंच तर त्या चमच्यालाही द्यायला हवं.

तिकडे ब्रिटनमध्ये युद्ध संपलं तरी टंचाई संपली नाही. उलट युद्धात कधी नव्हता तो पाव १९४६ ते १९४८ अशी दोन वर्षं रेशनवर गेला. एप्रिल १९४९ मध्ये सरकारने गोळ्या-चॉकलेटांवरचं रेशन उठवून पाहिलं, तर दुकानांवर अशी झुंबड उडाली की ऑगस्टमध्ये ते पुन्हा लावावं लागलं. अलॉटमेंट एकेक करून रिकाम्या होत गेल्या, वाफ्यांवर पुन्हा गुलाब आले. ५ फेब्रुवारी १९५३ ला मिठाईवरचं रेशन कायमचं उठलं. शाळकरी मुलं साठवलेली नाणी मुठीत घेऊन दुकानांकडे धावली. टॉफीची सफरचंदं, नूगाच्या वड्या, ज्येष्ठमधाच्या काळ्या पट्ट्या हातोहात संपल्या. त्यांतली बरीच मुलं युद्धात जन्मलेली होती, आणि काडीला लावलेला गोड पदार्थ म्हणजे गाजर, अशीच त्यांची समजूत करून देण्यात आली होती.